अधिक महिन्यातला भाव

अधिक महिना लागून अकरा दिवस झाले, तरी तोलगोल गावातल्या गान्नान म्हातारीच्या दारात चिटपाखरू फिरकलं नव्हतं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. अधिकात वरचे देव आणि खालची भुतं दोघंही सुट्टीवर असतात. थडगी उघडा, हाडं हलवा, जिवंत आईबापांसाठी शेवटचा, मेल्यावर अंगावर चढवायचा कपड्यांचा जोड शिवून ठेवा. कुणाचा कोप नाही की कुणाची दृष्ट नाही. तीन वर्षांतून एकदा मिळणारी ही सवलत लोक सोडत नाहीत. गेल्या अधिकात म्हातारीच्या घरचे अकरा जोड महिन्याच्या आत उठले होते. यंदा नऊ जोड पेटीत होते आणि नऊच्या नऊ तसेच पडून होते.

सून सुन्नाम ओट्यावर बसून दहाव्याची टोपी शिवत होती. हातांवर चढवायच्या पिशव्या, मोजे, तोंडावरचं कापड असं सगळं तागाचंच, आणि कुठेही गाठ नाही. या कापडाला गाठ मारायची नसते. दोऱ्याच्या टोकाला गाठ राहिली तर मेलेल्याचा पाय इथंच गुंततो म्हणतात. म्हणून टाका घालायचा, दोरा तसाच सोडायचा आणि पुढचा टाका असा घालायचा की मागचा त्यानंच धरला जाईल. नव्या सुनेला हे हाताला बसायला दोन वर्षं लागतात, आणि तोवर तिचं पोट कशानं भरतं तर सासूच्या बोलण्यांनी.

सासू कोपऱ्यात ताग चिरत होती. वाळक्या सालीचा पट्टा दातांत धरायचा आणि नखानं उभा फाडत न्यायचा. साठ वर्षं हेच करून तिच्या पुढच्या दोन दातांत खाच पडली होती. चिरलेला धागा मग उघड्या मांडीवर वळायचा. सुन्नामच्याही उजव्या मांडीवर तळहाताएवढी जागा निबर झाली होती. तिथं चिमटा काढला तरी तिला समजत नसे. शेतात नवा ताग माणसाच्या डोक्यावर गेला होता. पुढच्या महिन्यात तो कापायचा, वाफवायचा, सोलायचा. जुनं कापड पेटीत असताना नवं विणायला बसायचं म्हणजे रांधलेलं कुणी खात नाही आणि आपण परत चूल पेटवतो, त्यातली गत.

दुपारी नवरा पिल्गू तालुक्याच्या बाजारातून आला. फटफटी भिंतीला टेकवून त्यानं आधी वाळक्या भोपळ्याच्या वाटीनं दोन वाट्या पाणी प्यायलं.

"कापडवाला प्यो शेठ काय म्हणला?" सुन्नामनं विचारलं.

"हसला. म्हणला, म्हातारीला सांग, चीनचं कापड आलंय. तीन लाख वॉनात अख्खा जोड."

"तीन लाखात काय येतंय?" म्हातारी दातांतला पट्टा न काढता म्हणाली.

"माणूस झाकतंय, आये. मेलेला काय हात लावून बघतोय व्हय, कुठलं हाय म्हणून?"

"बघतोय," म्हातारी म्हणाली.

पिल्गूनं फडकं उचललं. आईशी वाद घालायचा त्याचा पिंड नव्हता. बायकोला पुढं करायचं आणि आपण फटफटी पुसत बसायचं, ही त्याची रीत होती.

"आत्याबाई, ईस लाख कुणी देणार न्हाई यंदा," सुन्नाम म्हणाली. "भाव उतरवू या. उतरवला तर लोकं येतील."

"येतीलच की. ते मला सांगतीस व्हय, गोमसिलवाले? पंधरा केलास तर दोन येतील. दहा केलास तर पाच. आठ केलास तर ही गल्ली पुरायची न्हाई. पर कोण येतील ते ठावं हाय का तुला?"

"कोण? गिऱ्हाईकं."

"बघशील," म्हातारी म्हणाली आणि तिनं पुढचा पट्टा दातांत धरला.

गोमसिल हे सुन्नामचं माहेर. लग्न होऊन एकतीस वर्षं झाली तरी गाव तिला माहेराच्या नावानंच हाक मारी. तिचं खरं नाव घेणारी एकच होती, आई. ती तेवीस वर्षांपूर्वी गेली, आणि साध्या सुती लुगड्यात गेली. लेक तागाच्या घरात दिलेली, वर्षाला चार ठाण विणणारी, आणि आईच्या अंगावर सुती. सुन्नामचा भाऊ किदोंग तेव्हा या दारात आला होता. व्याह्यांकडे फुकट मागायची लाज, म्हणून त्यानं भाव विचारला. म्हातारीनं सांगितला. एका तरण्या बैलाची किंमत होती ती. किदोंगनं कमरेत वाकून नमस्कार केला आणि तो परत गेला. सुन्नाम स्वयंपाकघरात चुलीपुढं उकिडवी बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. ती उठली नाही, बोलली नाही, फुंकणीसुद्धा तिनं खाली ठेवली नाही.

तेव्हापासून आई तिला दिसायची. स्वप्नात दिसली असती तर ठीक होतं, पण ती भरदुपारी दिसायची. मागाचा पट्टा कमरेला बांधून सुन्नाम पाय ताणायची, धोटा टाकायची, मान वर करायची, तर गल्लीच्या वळणावर कुणीतरी सुती लुगड्यात उभं असायचं. आत यायचं नाही, जायचंही नाही. मागावरून उठून बघावं तर नुसती भिंत. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, डोळे तपासून घे. तिनं घेतले. डॉक्टर म्हणाला, डोळे विशीतल्या पोरीचे आहेत.

म्हणून या अधिकात तिला एक जोड हवा होता. किदोंगला तिनं फोन करून ठेवला होता. अधिक संपायच्या आत आईचं थडगं उघडायचं, हाडं धुवायची, तागात गुंडाळायची. पुढचा अधिक तीन वर्षांनी. किदोंगच्या छातीत आताच पाणी होत होतं. तीन वर्षांनी कुदळ धरायला तो असेलच, याची खात्री नव्हती. सासूला मात्र तिनं हे सांगितलं नव्हतं.

भाव पंधरा लाखांवर आला. म्हातारी म्हणाली होती तसे दोन आले. पहिला भातगिरणीचा मालक बांग. त्यानं एक्क्याण्णव वर्षांच्या बापाला गाडीतून सोबतच आणलं होतं. म्हाताऱ्यानं टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून बघितली, मोज्यात हात घालून बघितला.

"घट्ट होईल काय गं पायात?" त्यानं सुन्नामला विचारलं.

"त्यात चालायचं न्हाई, आजोबा."

"व्हय की. मग बरं हाय." तो तोंडभर हसला आणि टोपी डोक्यावर तशीच ठेवून गाडीत जाऊन बसला. दुसरी शाळामास्तरीण होती, आईसाठी घेऊन गेली. त्यानंतर पाच दिवस कोणी नाही. ज्यांना पंधरा झेपत होते ते संपले होते.

आता अधिकाचे बाराच दिवस उरले. पिल्गूनं फडकं खाली ठेवलं. "आये, आठ करू या."

"करा," म्हातारी म्हणाली. "मी आता बसून बघनार."

त्याच दुपारी पिल्गू बाजाराच्या भिंतीवर नव्या भावाचा कागद चिकटवून आला. तो गेला होता तेवढ्यात सुन्नामनं पेटी उघडली. सात जोड आणि नुकताच पुरा झालेला एक, असे आठ होते. त्यातला सगळ्यात बारीक सुताचा तिनं काढला, जुन्या चादरीत गुंडाळला आणि तांदळाच्या रांजणात खाली घातला. वर तांदूळ पसरून ती मागं वळली, तर सासू दारात काठी टेकून उभी होती.

"तांदूळ मोजतीस?"

"किडे झालेत का बघत व्हते."

म्हातारीनं रांजणाकडे एकदा बघितलं. काठी टेकत ओट्यावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले.

पहिल्यांदा आला तो वरच्या वस्तीवरचा मेंग नावाचा म्हातारा. पाठीवर ओझं वाहायची लाकडी घोडी, तिला बांधलेली काटक्यांची मोळी. बाजाराला जाता जाता थांबला होता. सुन्नामनं जवाच्या पाण्याचा पेला पुढं केला. त्यानं तो घेतला नाही. तो म्हातारीकडे बघत होता.

"मी तीन पोती भाताला परत गेलेला," तो म्हणाला.

"एकोणसाठ सालचा पावसाळा," म्हातारी म्हणाली. "बाप."

"व्हय. गवताच्या चटईत घातला त्याला."

"आता?"

"आता हाडं काढतोय सोमवारी. आठ लाख हायत माझ्याकडं. कवाधरनं जमवलेत."

म्हातारीनं सुनेला मानेनं खुणावलं. सुन्नामनं जोड आणला. मेंगनं तो दोन्ही हातांत घेतला आणि मोळी तिथंच ओट्याखाली टाकून, बाजार विसरून, आल्या वाटेनं चढणीला लागला.

त्याच्यामागून चौघी बायका आल्या. एकजण म्हणाली, मी वासराला परत गेलेली. एकजण म्हणाली, माझा दीर आला होता, सत्तर हजाराला परत गेला. कुणीही आपलं नाव सांगितलं नाही. ज्या भावाला परत गेले तो भाव सांगितला. आणि म्हातारीनं साल सांगितलं, कोण मेलं होतं ते सांगितलं, त्या दिवशी ऊन होतं की बर्फ ते सांगितलं. एकदाही तिची चूक झाली नाही. सुन्नामला वाटलं होतं, आठ लाखांत जिवंत माणसं येतील, आईबापांच्या पुढच्या सोयीसाठी. आले होते ते मेलेल्यांच्या मागच्या गैरसोयीसाठी. भाव एकेक पायरी खाली येत गेला तशी वर्षानुवर्षं त्या भावापाशी थांबून राहिलेली माणसं अंगणात उतरली होती, आणि प्रत्येकाच्या मागं गवताच्या चटईतलं, गोधडीतलं, सुती लुगड्यातलं एक माणूस होतं.

दोन दिवसांत सातही जोड गेले. तिसऱ्या दिवशी आलेल्यांना पिल्गूनं "संपले" म्हणून सांगितलं. ते ओट्यावर थोडा वेळ बसले, पाणी प्यायले आणि गेले. त्यांची परत जायची सवय मोडली नव्हती, एवढंच.

त्या संध्याकाळी सुन्नाम पाट्यावर सोयाबीन वाटत होती. धाग्याला लावायच्या खळीसाठी. जवळ, तो धागा सुकवायला, भाताच्या तुसाची धग पसरून तयार होती. म्हातारी शेजारी येऊन बसली.

"रांजणातला तुझ्या आईला?"

सुन्नामचा हात थांबला. मग तिनं वरवंटा पुन्हा ओढला. "व्हय."

"मला वाटलंच."

"तुमी तवा किदोंगला बैलाचा भाव का सांगितला, आत्याबाई? त्या साली दुसऱ्यांना तुमी त्याच्या निम्म्यानं दिलं व्हतं. मला म्हाईत हाय." तेवीस वर्षं तोंडात धरलेलं वाक्य होतं हे. बाहेर पडलं तेव्हा त्यात रागही उरला नव्हता.

म्हातारीनं तुसाची धग काठीनं हलवली. "एकच जोड उरला व्हता. तो मी पिल्सूसाठी ठेवला व्हता."

पिल्सू म्हणजे पिल्गूचा थोरला भाऊ. मासेमारीच्या बोटीवर गेला होता. बोट फुटली, माणूस मिळाला नाही.

"दोन वर्षं वाट बघितली मी. समुद्र कुणाला कवा परत देईल, काय सांगावं. आन तुझा भाऊ दारात आला. आता मेलेल्यासाठी मागायला आलेल्या माणसाला, घरात असताना, न्हाई म्हणायचं नसतं. खोटं बोलायचं नसतं. ते कापड मग घरच्याच कुणाच्या तरी अंगावर चढतं. मग काय करायचं? भाव सांगायचा. भाव सांगितला की मानूस आपणहून न्हाई म्हणतो. आपलं तोंड त्या पापातनं सुटतं."

"आन त्याचं?"

"त्याचं तोंड मला अजून दिसतंय. तुझ्या भावाचंच काय, समद्यांचीच दिसतात. मला काय हौस हाय साल ध्यानात ठेवायची?"

"मग पिल्सू दादांचा जोड?"

"इकला. तिसऱ्या वर्षी. भाव बरा आला," म्हातारी म्हणाली. ती उठली, आणि धग नीट पसरली आहे की नाही ते बघून आत गेली.

सुन्नामनं ठरवलं होतं, अधिकाच्या शेवटच्या दिवशी पहाटेच्या बसनं गोमसिलला जायचं. आदल्या दिवशी सकाळी तिनं जोड रांजणातून काढला, ओट्यावर पसरला आणि चिकटलेले तांदळाचे दाणे एकेक करून निपटायला बसली. पिल्गू ताग बघायला रानात गेला होता. म्हातारी आत पडून होती.

फाटकाशी कुणीतरी खाकरलं. सुन्नामनं मान वर केली.

बाई चाळिशीतली होती. डोंगरापलीकडच्या कोळशाच्या खाणीकडची. नखांच्या कडा काळ्या, घासूनही न निघणाऱ्या. हातात प्लास्टिकची पिशवी. तिला जोड दिसला होता. लपवायला वेळच मिळाला नव्हता.

"भिंतीवरचा कागद बघितला, ताई," ती म्हणाली. "आठ लाख."

"कुणासाठी?"

"मालक गेले काल. छातीत कोळसा व्हता. उद्या माती हाय." तिनं पिशवी दोन्ही हातांनी पुढं धरली. "आठ आनलेत. खाणीवरच्या बायांनी काढून दिले. मोजून बघा."

काल गेलेला माणूस कुठंतरी चटईवर पडला होता, वाट बघत. आणि गोमसिलच्या टेकडीवर तेवीस वर्षं वाट बघत असलेली आई. देते म्हणावं, तर उद्याचा दिवस गेला, किदोंगची कुदळ गेली. नाही म्हणावं, तर असताना नाही म्हणायचं नसतं. सुन्नामनं तोंड उघडलं, तेव्हा तिला स्वतःलाच माहीत नव्हतं काय बाहेर पडणार आहे ते.

"तो कागद दुसऱ्या कापडाचा, बाई. हे बारीक सुताचं हाय," ती म्हणाली. "ह्याचे ईस लाख."

बाईनं पिशवी खाली केली. रागावली नाही, घासाघीसही केली नाही. जोडाकडे बघितलं, कापड खरंच चांगलं आहे हे तिला कळलं असावं, कारण तिनं मान डोलावली.

"बराबर हाय," ती म्हणाली. "एवढ्याचं असंल हे." आणि कमरेत वाकून नमस्कार करून ती वळली.

आतून म्हातारीचा आवाज आला. "किती सांगितलंस?"

सुन्नाम पायांत काही न घालता उतरली आणि गल्लीत धावली. बाई वळणापर्यंत पोचली होती.

"थांब बाई! ने आठला. आठला ने!"

बाई थांबली. तिनं सुन्नामच्या अनवाणी पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. "ताई, कुणासाठी तरी ठेवलाय तुमी तो. दिसतंय मला. ज्याच्यासाठी ठेवलाय त्यालाच घाला. आमच्या मालकाला आता तीन लाखाचा घेईन बाजारात. उरलेल्या पैशात बायांना जेवू घालीन." वळता वळता ती म्हणाली, "त्यांना बी भारीतलं आवडायचं न्हाई. अंगाला टोचतं म्हणायचे."

ती गेली. सुन्नाम त्या वळणावर कितीतरी वेळ उभी होती. एवढी वर्षं ज्या जागेकडे तिनं मागावरून बघितलं होतं, तिथं उभं राहून आपलं घर कसं दिसतं ते तिनं पहिल्यांदा पाहिलं. ओट्यावर पसरलेला जोड तिथून स्पष्ट दिसत होता.

शेवटच्या दिवशी ऊन चढायच्या आत किदोंगनं थडगं उघडलं. चार फावडी मारायची आणि खोकत बसायचं, असं करत करत. माती कोरडी होती, चांगली होती. सुती लुगड्याचा मागमूस नव्हता. हाडं पिवळी, हलकी, मुळांनी धरून ठेवलेली. किदोंगनं एकेक मूळ हातानं सोडवलं, हाडं भाताच्या दारूनं धुतली आणि कागदावर क्रमानं मांडली. सुन्नामनं जोड उलगडला. मोज्यांत पायाची हाडं घातली, पिशव्यांत हाताची. गाठ कुठंच मारायची नव्हती. नुसत्या घड्यांवर घड्या घालत गेली. तिला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. हात आपापलं काम करत होते.

तोंडावर कापड घालायच्या आधी किदोंग गुडघ्यांवर बसला, घाम पुसला, आणि आपल्या काळ्या बोटांनी कापडाची कड चाचपून बघितली.

"भारी हाय गं. केवढ्याचं?"

सुन्नामनं कापडाची घडी सारखी केली.

"सांग की. माझ्याकडनं घेनार न्हाईस, म्हाईत हाय मला. नुसतं इच्यारतोय."

"ईस लाख."

किदोंगनं शीळ घातली. मग तो हसला आणि हसता हसता त्याला ढास लागली. ढास थांबल्यावर तो खड्ड्याकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "हळू बोल बाई. आईचं तुला ठावं हाय. बाजारात भाव ऐकला की टोपली उचलून चालायला लागायची. तिनं ऐकलं तर उठून परत जाईल."

सुन्नामच्या हातातलं तोंडावरचं कापड तसंच राहिलं. किदोंग दोनदा म्हणाला, घाल गं, ऊन चढतंय. तिला ते घालता येईना.